संगणकाच्या पडद्यावरील खोट्या इशाऱ्यांविषयी गोवा सरकारला खुले पत्र

प्रति,
माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि दळणवळण खाते,
तसेच गोवा पोलिसांचा सायबर गुन्हे विभाग,
गोवा सरकार.

माननीय अधिकारीवर्गास सादर नमस्कार.

म्हापशाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर गेली एकवीस वर्षे मी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. शुक्रवारच्या बाजाराला पेडणे, कोलवाळ, शिवोली, अस्नोडा अशा गावांतून माणसे येतात आणि त्यांतली काही जण भाजी-मिरची घेण्याआधी आपला लॅपटॉप माझ्याकडे ठेवून जातात. पूर्वी तक्रारी यंत्राच्या असत. पंखा घरघर करतो, पावसात वीज पडून पॉवर सप्लाय जळला, हार्ड डिस्क टकटक वाजते, असे काहीतरी निघे. अलीकडे पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि ते घेऊन आलेल्या माणसाचे हात थरथरत असतात. पडद्यावर त्याला काहीतरी दिसलेले असते. तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, तुमच्या नावावर गुन्हा नोंदवला जात आहे आणि पाच मिनिटांत अमुक क्रमांकावर फोन केला नाहीत तर सगळे हातचे जाईल, असे त्या पडद्याने त्याला बजावलेले असते. या खोट्या इशाऱ्यांविषयी आणि त्यांच्यासंबंधात आपल्या दोन्ही खात्यांना काय करता येण्यासारखे आहे याविषयी मी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी चतुर्थीनंतर एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका दुकानात आल्या. मुलगा बोटीवर नोकरीला आणि घरात त्या एकट्या. त्याच्याशी बोलता यावे म्हणून त्याने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर त्या आरत्या शोधत असताना पडदा एकाएकी निळा झाला, भोंगा वाजू लागला आणि एक यांत्रिक आवाज इंग्रजीतून सांगू लागला की संगणक बंद करू नका, बंद केलात तर सर्व माहिती नष्ट होईल. माऊसचा बाणही दिसेनासा झाला. खाली एका जगप्रसिद्ध कंपनीचे चिन्ह आणि फोन क्रमांक होता. बाईंनी फोन केला. पलीकडचा माणूस फार नम्रपणे बोलत होता, हे त्यांनी मला तीनदा सांगितले. त्याने एक लहानसे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावले, त्यावर दिसणारा आकडा विचारून घेतला आणि मग बाईंच्या डोळ्यांदेखत त्यांच्या यंत्रावरचा बाण आपोआप फिरू लागला. पाऊण तासाने पेन्शनच्या खात्यातून ४८,००० रुपये गेलेले होते. माझ्याकडे त्या आल्या त्या सहाव्या दिवशी. मधल्या पाच दिवसांत त्यांनी कोणालाही, अगदी मुलालाही, एक अक्षर सांगितले नव्हते. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पैशांचे नावही काढले नाही. "बाबा, मी शिकलेली बाई, मी असे कसे केले रे?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

ते उत्तर मला आपल्यासमोर मांडायचे आहे, कारण बाईंनी मूर्खपणा केला असे मला मुळीच वाटत नाही. आयुष्यभर त्यांनी सरकारी कागदाला, शिक्क्याला आणि सूचनेला मान दिला, मुलांनाही तेच शिकवले, आणि पडद्यावरचा तो इशारा नेमका अशाच माणसासाठी तयार केलेला होता. त्यामागची कारागिरी जवळून पाहिली की हे पटते.

इंटरनेटवरचे एखादे पान आपल्या हार्ड डिस्कमध्ये शिरून तिची तपासणी करू शकत नाही, ब्राउझर त्याला तेवढी मुभाच देत नाही. पडद्यावर सरकणारी पट्टी, भराभर वाढणारा सापडलेल्या व्हायरसांचा आकडा आणि लाल अक्षरांतली फायलींची नावे हे सगळे आधीच बनवून ठेवलेले चित्र असते, आणि कालच खोक्यातून काढलेल्या कोऱ्या यंत्रावरही ते जसेच्या तसे दिसते. सिनेमा पाहताना पडदा पूर्ण भरावा म्हणून ब्राउझरला जी सोय दिलेली आहे, तीच वापरून हे पान सगळा पडदा व्यापते आणि वरची बंद करण्याची खूण झाकून टाकते. एस्केपची कळ थोडा वेळ दाबून धरली, नाहीतर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, आणि तेही जमले नाही तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरले, की भोंगा थांबतो आणि यंत्राला काहीही झालेले नसते. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर आधीची पाने परत आणू का असे तो विचारतो, तेव्हा नको म्हणावे, इतकेच. मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतीच्या पानांवर स्वच्छ लिहून ठेवले आहे की तिच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. हे एक वाक्य बाईंना माहीत असते तर त्यांचे ४८,००० रुपये वाचले असते.

फोन लागल्यानंतरचा भाग याहून वाईट आहे, कारण तिथे खऱ्या वस्तू दाखवून खोटे बोलले जाते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची यंत्राची रोजनिशी असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते, आणि निरोगी यंत्रातही लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी साचलेल्या असतात. ठग ती रोजनिशी उघडून दाखवतो आणि म्हणतो, पाहा, किती हल्ले झाले आहेत. नेटस्टॅट ही आज्ञा दिली की यंत्र कोणाकोणाशी जोडलेले आहे त्याची यादी येते आणि तिच्या एका रकान्याला फॉरेन अ‍ॅड्रेस असे शीर्षक असते. त्याचा अर्थ समोरच्या यंत्राचा पत्ता एवढाच, पण ठग सांगतो की हे परदेशी हॅकर तुमच्या यंत्रात बसले आहेत. सर्वांत लबाडीचा प्रकार परवाना क्रमांकाचा. एक आज्ञा टाइप करायला लावून तो शेवटच्या ओळीतला ८८८ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक ग्राहकाला वाचायला सांगतो, त्याआधी आपण स्वतः तो बिनचूक म्हणून दाखवतो, आणि तुमच्या यंत्राची नोंद आमच्याकडेच आहे असे पटवून देतो. तो क्रमांक जगातल्या सगळ्या विंडोज यंत्रांवर एकच असतो. माझ्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या चार यंत्रांवर मी तो ग्राहकांना वाचून दाखवतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग येतो आणि मग हायसे वाटते. ज्याला क्रमांक जुळल्याचे पाहून विश्वास वाटला त्याने पुरावा मागितला होता आणि त्याला पुरावा दिला गेला होता, असेच म्हणावे लागते.

ही युक्ती आजची नाही. १९८९ च्या डिसेंबरात जोसेफ पॉप या अमेरिकी संशोधकाने एड्सविषयक माहितीच्या सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या. ती फ्लॉपी घातलेले यंत्र नव्वद वेळा सुरू झाले की फायलींची नावे उलटीपालटी होत आणि पनामातील एका टपाल पेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी छापली जाई. खंडणी हा शब्द त्यात कुठेही नव्हता, ते पैसे परवान्याचे शुल्क म्हणून मागितलेले होते. पुढे विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांची बनावट संरक्षक सॉफ्टवेअरे आली. त्यांतले शेवटचे मी स्वतः किती यंत्रांवरून काढले याची गणती नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ च्या डिसेंबरात यामागच्या कंपन्यांवर खटला भरला तेव्हा फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांच्या वर सांगितली होती, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने एका प्रतिवादीवर १६ कोटी ३० लाख डॉलरची वसुली लावली. त्याच वर्षी युरोपात रेव्हेटन नावाचे सॉफ्टवेअर पसरले. ते ज्या देशातल्या यंत्रात शिरे त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह लावून दंड मागत असे. फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या २०१७ च्या मे महिन्यातील वॉनाक्राय या हल्ल्यात तर पडद्यावर घड्याळच लावलेले होते. तीन दिवसांत ३०० डॉलर दिले नाहीत तर ६००, आणि सात दिवसांनंतर फायली कायमच्या गेल्या, असे ते घड्याळ टिकटिक करत सांगे.

परवाना देणारा कारकून, औषध देणारा वैद्य, दंड करणारा पोलीस, मुदत घालणारे कार्यालय, अशी ही सोंगे बदलत गेली, पण प्रत्येक सोंग कोणत्या ना कोणत्या अधिकाऱ्याचेच आहे. माणूस चोराला इतका भीत नाही जितका अधिकाऱ्याला भितो, हे या लोकांनी फार पूर्वी ओळखले. म्हणून माझे गाऱ्हाणे आपल्याकडे आहे. आपलाच गणवेश आणि आपलीच भाषा चोरीला गेली आहे, आणि आपली खरी भाषा कोणती हे लोकांना आपल्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचे सोंग घेऊन धमकावणारे ठग जिला डिजिटल अटक म्हणतात तसा काही प्रकार कायद्यात नाही, असे सांगितले. त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. त्यानंतर दुकानात येणारे वृद्ध लोक तोच दाखला देऊन मला विचारू लागले की हे त्यातलेच का. याच धर्तीवर गोवा सरकारने आपण पडद्यावर आणि फोनवर काय कधीच करणार नाही याची एक छोटी जाहीर प्रतिज्ञा करावी, अशी माझी पहिली विनंती आहे. आमचे कोणतेही खाते तुमच्या यंत्रात दुसऱ्या गावाहून शिरण्याचे सॉफ्टवेअर उतरवायला सांगणार नाही. पडद्यावर इशारा देऊन दंड मागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाईल पाठवणार नाही. आजच्या आज, पाच मिनिटांत, असे म्हणून पैसे मागणार नाही. चार-पाच वाक्ये पुरेत. मात्र ती पाळलीही गेली पाहिजेत, म्हणजे वीजबिलाचा, घरपट्टीचा किंवा वाहन दंडाचा आपला खरा संदेशही शांत भाषेत, कसलाही दुवा न देता जायला हवा. वीज आज रात्री साडेनऊला तोडली जाईल असा बनावट संदेश देशभर फिरला तेव्हा लोक फसले, कारण खरा संदेश कसा असतो हे कोणी त्यांना ठरवून दिलेलेच नव्हते.

ही वाक्ये कोणत्या भाषेत असावीत हे सांगायची गरज पडू नये, पण अनुभव निराळा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही स्थान मिळाले, तरी सायबर सुरक्षेची जी पत्रके माझ्या हाती पडतात ती बहुतेक इंग्रजीत असतात. पडद्यावरचा खोटा इशाराही इंग्रजीतच असतो आणि ते एकार्थी आपल्या फायद्याचे आहे. आपली शांत सूचना कोकणीत आणि मराठीत असेल आणि पडद्यावरचा आरडाओरडा इंग्रजीत, तर दोहोंतला फरक बाईंसारख्या माणसाला पहिल्याच क्षणी कळेल. कदंबच्या बसस्थानकावर, रेशन दुकानात, पंचायतीच्या फलकावर, पेन्शन काढायला लोक जिथे रांगेत उभे राहतात तिथे, मोठ्या अक्षरांत ही वाक्ये लावावीत. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ च्या फेब्रुवारीपासून यंत्र साफ करण्याची साधने विनामूल्य देत आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या ग्राहकांपैकी एकानेही अजून मला त्याचे नाव सांगितलेले नाही. चांगली गोष्ट लोकांपर्यंत न पोहोचल्यामुळे वाया जाते, तसे इथे होऊ नये.

आता पैशांच्या मुद्द्याकडे येतो, कारण लाज आणि पैसा यांचा इथे थेट हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बँकेच्या चुकीमुळे पैसे गेले तर, किंवा चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिऱ्हाइताकडून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर, त्याच्यावर भार पडत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी सांगून टाकला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असाही त्यात नियम आहे. याचा अर्थ असा की फसलेल्या माणसाने गप्प बसलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या मदत क्रमांकाचेही तेच आहे. तिथे लगेच कळवले तर गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते, आणि एकदा ती दहा खात्यांत वाटून काढून घेतली गेली की हाती काही लागत नाही. बाईंचे पाच दिवस लाजेत गेले. त्या लाजेची किंमत त्यांना ठगाने लावलेल्या किमतीइतकीच भोवली, असे मी म्हणेन.

ही लाज घरातून येते हे खरे, पण ती कार्यालयांतूनही येते. बाईंबरोबर मी एका पोलीस ठाण्यावर गेलो होतो. कोणते ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण मला कोणा एका माणसाबद्दल तक्रार करायची नाही. तिथे त्यांना विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुम्ही फोन केलातच कशाला?" दुसरा प्रश्न, "घरात कोणी शिकलेले नाही का?" त्यानंतर, हे प्रकरण आमच्याकडे येत नाही, रायबंदरला जा, असे सांगण्यात आले. सत्तर वर्षांची बाई पावसात दोन बस बदलून रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यावर जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि आता तर ती कायद्यालाही धरून नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार १ जुलै २०२४ पासून गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यावर तक्रार नोंदवून घेणे बंधनकारक आहे, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो हे मला ठाऊक आहे, परंतु तपास कोणी करायचा हा आपला अंतर्गत प्रश्न आहे, तो तक्रारदाराच्या पायपिटीने सुटायला नको.

पैसे गेले नाहीत म्हणून तक्रार घेतली जात नाही, हा आणखी एक अनुभव. पडदा पाहून घाबरलेला, फोनही केलेला, पण ऐन वेळी सावध झालेला माणूस ठाण्यावर गेला तर, तुमचे काही गेले नाही ना, मग झाले, असे ऐकून परत येतो. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि कलम ८४-सी प्रमाणे अशा गुन्ह्याचा प्रयत्नही शिक्षेस पात्र आहे. शिवाय तपासाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची माहिती याच माणसाकडे असते. फोन क्रमांक ताजा असतो, पडद्याचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असतो, पानाचा पत्ता ब्राउझरच्या इतिहासात असतो. आज हे सगळे माझ्या दुकानातल्या यंत्रांवर पुसले जाते, कारण ते घेणारे कोणी नाही. गेल्या काही महिन्यांपासून मी असे क्रमांक आणि पत्ते, ग्राहकाचे नाव न लिहिता, एका वहीत उतरवून ठेवू लागलो आहे. आपण मागितलीत तर ती वही मी आनंदाने देईन.

तपास अवघड आहे हे मी नाकारत नाही. सीबीआयने २०२३ च्या ऑक्टोबरात चक्र-२ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरेही होती. आपल्या गोव्यातही अमेरिकी नागरिकांना फसवणाऱ्या बनावट कॉल सेंटरांवर आपण छापे घातले आहेत, त्याबद्दल आपले अभिनंदन करतो. पण त्याच बातम्यांमुळे माझे मन अस्वस्थ होते, कारण तिथे पगारावर बसवलेली मुले आपल्यासारख्याच घरांतली असतात. कोणाच्या तरी आजीशी नम्रपणे बोलून तिला लुटण्याचे शिक्षण त्यांना दिलेले असते. शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना गोव्यात २०२१ पासून आहे. त्याच तासांत हा खोटा पडदा कसा बनतो, तो कसा बंद करता येतो आणि तो बनवणे हा गुन्हा का आहे, हे शिकवले तर मुले घरी जाऊन आजी-आजोबांना दाखवतील. घरोघरी पोहोचण्याचा याहून जवळचा रस्ता मला दिसत नाही.

मोबाइलविषयी थोडक्यात. तिथे भोंगा वाजत नाही, पण लग्नाच्या निमंत्रणाच्या किंवा वाहन दंडाच्या नावाने अ‍ॅपची फाईल येते, आणि ती बसवली की एसएमएस वाचण्याचे अधिकार घेऊन ओटीपी परस्पर पळवते. एखाद्या पानाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली आणि चुकून होकार दिला गेला, तर दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात, तुमचे संरक्षण आज संपले, अशा खोट्या चिठ्ठ्या येत राहतात. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंग्जमधून काढून टाकली की त्या थांबतात. या एका कामासाठी लोक माझ्याकडे यंत्र फॉरमॅट करायला घेऊन येतात.

इथे माझ्या व्यवसायबंधूंबद्दल आणि माझ्याबद्दलही बोलले पाहिजे. व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, हे वाक्य आम्ही दुरुस्तीवाल्यांनी वर्षानुवर्षे सहज वापरले. ग्राहकाला कळत नाही, त्यामुळे तो मान डोलावतो, पैसे देतो आणि कधी कधी त्याचे फोटोही जातात. सुरुवातीच्या वर्षांत मीही नीट न तपासता असे केले आहे आणि त्याची मला खंत आहे. विनापरवाना विंडोज टाकून देणे, अपडेट बंद करून ठेवणे, हेही आमच्यातल्याच काहींनी केले. वॉनाक्रायला ज्या फटीतून वाट मिळाली ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजीच दिलेले होते. ज्यांची अपडेट बंद होती त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. लोकांना अज्ञानात आणि धाकात ठेवून पैसे घेण्याची सवय आम्हीच त्यांच्या अंगवळणी पाडली असेल, तर पडद्यावरच्या ठगासाठी अर्धी वाट आम्ही तयार करून ठेवली होती. म्हणून माहिती तंत्रज्ञान खात्याने गोव्यातील दुरुस्तीवाल्यांना एकत्र बोलवावे, दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि व्हायरस आढळल्यास तो ग्राहकाला दाखवूनच काढण्याचा नियम आमच्याकडून लिहून घ्यावा. मी सही करायला तयार आहे.

सरकारच्या स्वतःच्या यंत्रांचा विषय टाळता येत नाही. २०२२ च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्यात, पणजीतील जलस्रोत खात्याच्या माहिती केंद्रावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. राज्यातील नद्यांवरच्या १५ पूरनिरीक्षण केंद्रांची माहिती ज्यात साठत होती त्या सर्व्हरच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी क्रिप्टोचलन मागण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली. आपल्या नद्यांना पूर कधी येतो हे डिचोली-साखळीच्या माणसाला विचारा. त्याच्यासाठी ती माहिती जिवाची आहे. प्रत्येक खात्याच्या महत्त्वाच्या माहितीची एक प्रत यंत्रापासून आणि इंटरनेटपासून तोडून ठेवलेली असते का, आणि ती प्रत चालते का हे कोणी वर्षातून एकदा तरी परत लावून पाहतो का, याचे उत्तर जाहीरपणे मिळाले तर लोकांचा आपल्यावरचा विश्वास वाढेल. पंचायतींच्या संगणकांवरही हाच नियम लागू व्हावा. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि घरपट्टीचे हिशेब तिथेच असतात, आणि तिथला कारकून पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला की मला काळजी वाटते.

शेवटची विनंती मला सर्वांत जवळची आहे. पडदा निळा झाल्यापासून पैसे जाईपर्यंत पाऊण तास गेला होता, आणि त्या पाऊण तासात बाईंना बोलायला त्या ठगाखेरीज दुसरा माणूसच मिळाला नाही. इशारा खोटा असेल का असा संशय त्यांना आला होता, पण विचारायचे कोणाला? शेजारी घरी नव्हते, मुलगा समुद्रात, आणि ठग फोन ठेवू देत नव्हता. गावात एक ओळखीचा माणूस हवा, ज्याचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असेल आणि ज्याला, माझ्या पडद्यावर असे असे आले आहे, हे न लाजता सांगता येईल. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात पंचायतींसाठी स्वयंपूर्ण मित्र या नावाने सरकारी अधिकारी नेमलेले आहेत. नवी माणसे शोधायची गरज नाही. या मित्रांना, आणि त्यांच्या जोडीला गावोगावच्या वाचनालयांतील ग्रंथपालांना, एवढेच शिकवावे की पडदा कसा बंद करायचा, ठगाचे सॉफ्टवेअर बसले असेल तर आधी इंटरनेटची वायर का काढायची, मग १९३० आणि बँकेला फोन कोणत्या क्रमाने लावायचा, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून का बदलायचे. १८३२ पासून ज्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालय आहे, तिथे लोक ग्रंथपालाला प्रश्न विचारायला कचरत नाहीत. पोलिसाला विचारताना कचरतात, हे आपणही जाणता.

बाईंचे पैसे परत मिळालेले नाहीत. मुलाला त्यांनी दिवाळीत सांगितले. तो रागावला नाही, असे त्यांनी मला मुद्दाम येऊन कळवले. लॅपटॉप त्यांनी पुन्हा वापरायला घेतला आहे आणि त्याच्या झाकणावर आतल्या बाजूला मी चिकटवलेली चिठ्ठी आहे. फोन क्रमांक दिसला तर फोन करू नये, बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि मला बोलवावे, एवढेच तिच्यावर मराठीत लिहिले आहे. अशा चिठ्ठ्या मी आता प्रत्येक यंत्रावर लावतो. त्यांवर माझ्या क्रमांकाच्या जागी पंचायतीचा क्रमांक यावा, अशी माझी इच्छा आहे.

आपण या विषयावर बार्देशात सभा घेणार असाल तर ती शुक्रवारी सकाळी, बाजाराच्या वेळी, म्हापशातच घ्यावी. पेडण्यापासून अस्नोड्यापर्यंतची वृद्ध माणसे त्या दिवशी आपणहून इथे येतात, त्यांना वेगळे बोलवावे लागणार नाही. खुर्च्या, पडदा आणि तो खोटा इशारा प्रत्यक्ष दाखवण्यासाठी इंटरनेटपासून तोडलेली चार यंत्रे मी माझ्या खर्चाने आणून ठेवीन.

आपला विश्वासू,
म्हापसा येथील एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक